धरलेला हात

त्या वर्षी थंडी सरली तरी कोरडा वारा काही सरायला तयार नव्हता. सकाळी अंगणात पाणी शिंपडावं आणि तोंड धुऊन येईपर्यंत माती पुन्हा उडायला लागावी, असे दिवस. माणसांचे ओठ फुटत होते, टाचा फुटत होत्या, आणि दोरवाल्याच्या घरात त्याहून वाईट म्हणजे वाख तुटत होता. घायपाताच्या पानांपासून काढलेले ते पांढरे धागे जरा ओलसर असले की हाताला मऊ लागतात आणि सांगाल तसे वळतात. वाळून कडक झाले की पीळ घेता घेता काडीसारखे मोडतात. निम्मा दिवस नुसता तुटलेलं सांधण्यात जायचा.

त्यात व्यापाऱ्याने निरोप धाडला होता. मालाची गाडीभरणी सुरू व्हायच्या आत सगळे दोर हवेत. नाही मिळाले तर यंदापासून तो प्लास्टिकचा दोर आणणार, आणि एकदा आणला की पुन्हा इकडे फिरकणार नाही. निरोप घेऊन आलेला माणूस हे सांगताना ओशाळला होता. दोरवाला म्हणाला, "त्यांचंही बरोबर आहे," आणि आत जाऊन उगाच घोटभर पाणी पिऊन आला.

घरामागे जमिनीची एक लांब, सरळ पट्टी होती. एका टोकाला मोठं चाक आणि चाकासमोर तीन आकडे. दुसऱ्या टोकाला एक फळी, तिच्यावर दगड. आकड्यांपासून फळीपर्यंत वाखाचे तीन पेड ताणायचे, चाक फिरवून त्यांना पीळ द्यायचा, आणि मग तीन खाचांचा लाकडी ठोकळा त्यांच्यामध्ये धरून फळीकडून चाकाकडे चालत यायचं. ठोकळ्याच्या मागे तिन्ही पेडांचा एक दोर होत जातो. वळताना दोर आखूड होतो आणि दगडांसकट फळीला फरफटत पुढे आणतो. चाक दोरवाल्याचा धाकटा भाऊ फिरवायचा. ठोकळा दोरवाल्याच्या हातात. बायको ओसरीवर बसून खिळे ठोकलेल्या फळीवर वाख विंचरायची. आणि मुलगी ओलं फडकं घेऊन पेडांच्या कडेने चालायची, कोरडं दिसेल तिथे पुसायची.

मुलगी दहाएक वर्षांची. तिला सगळे टकळी म्हणत, कारण तिचं तोंड सूत काढल्यासारखं अखंड चालायचं. शाळेतल्या मुलींची भांडणं, कावळ्याच्या घरट्यातली तार, काकाच्या नाकातला केस, सगळं त्यात यायचं. एकदा तिने विचारलं होतं, "बाबा, दोर आखूड होतो, मग उरलेला जातो कुठं?"

"तुझ्या पोटात," काका चाकावरून ओरडला होता. "म्हणून तर तोंडातून बाहेर येत राहतो."

दोरवाल्याने मात्र ठोकळा थांबवून तिला नीट समजावलं होतं, की उरलेला कुठे जात नाही, पिळातच राहतो. सरळ जायच्या ऐवजी गोल गोल जातो इतकंच. तिला ते पटलं होतं. दिवसभर ती स्वतःची वेणी पिळून ती किती आखूड होते ते बघत बसली होती.

तिला फिट यायची. तीन वर्षांची असल्यापासून. मोठ्या गावातल्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी गोळी लावून दिली होती, त्यामुळे पुष्कळ कमी झाल्या होत्या. तरी मधूनच एखादी यायची. बाईंनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. तिला धरायचं नाही. तोंडात काही घालायचं नाही. आजूबाजूचं टोचणारं, लागणारं बाजूला करायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी द्यायचं, झटके ओसरले की कुशीवर वळवायचं आणि जवळ बसून राहायचं. दोरवाल्याने मान डोलावली होती, आणि आतापर्यंत तसं निभावलंही होतं. पण ते घरात, अंथरुणावर, हात रिकामे असताना. शिवाय बहुतेक वेळा बायकोच आधी पोचायची.

त्या दिवशी बायको पाण्याला गेली होती. दोर अर्ध्यावर आला होता आणि चांगला येत होता. बऱ्याच दिवसांनी एकही पेड तुटला नव्हता. टकळी त्याच्या पुढे दोन पावलांवर चालत होती आणि काहीतरी सांगत होती. सांगता सांगता शब्द मध्येच थांबला. घशातून एक आवाज आला, हवा कोंडून बाहेर पडावी तसा, आणि ती ताठ होऊन खाली कोसळली.

दोर वळणाऱ्याच्या हाडात एक गोष्ट लहानपणापासून मुरलेली असते. हातातलं सोडायचं नाही. पिळलेल्या पेडात जोर कोंडलेला असतो. पकड जराशी ढिली पडली की तो उलटा फिरतो, स्वतःभोवती वेटोळी घेतो आणि सगळ्या दिवसाचं काम मातीत जातं. म्हणून हातात काही उसळलं, फिरायला लागलं, की आणखी घट्ट धरायचं आणि फिरतं त्याच्या उलट दिशेने जोर लावायचा. हे दोरवाल्याला कुणी शब्दांत शिकवलं नव्हतं. त्याच्या बापाने बोटांवर छडी मारून शिकवलं होतं.

त्याने ठोकळा टाकला. मागे दोर सापासारखा उसळून गुंतत गेल्याचं त्याला ऐकू आलं. ठोकळा सुटला होता, पण हात अजून कामातच होते. तो तिच्याजवळ गुडघ्यांवर बसला आणि त्याने तिचे झटके देणारे हात धरले. उजवा दंड त्याच्या एका मुठीत आणि मनगट दुसऱ्या मुठीत. हात उसळला, फिरला. त्याने आवळून उलटा जोर दिला. कोवळी काडी मोडावी तसा एक बारीक आवाज झाला. तो आवाज कानांपेक्षा तळहातांना जास्त ऐकू आला.

मग त्याने सोडलं.

धाकटा भाऊ चाक टाकून धावत आला तेव्हा झटके ओसरत होते. त्याला एवढ्या लांबून दादाची पाठच दिसली होती.

"दादा, हिचा हात बघ."

"झटका आला होता," दोरवाला म्हणाला. "मोडला वाटतं."

या वाक्यात खोटं असं काही नव्हतं. फक्त त्यात तो स्वतः नव्हता.

दवाखान्यात बाकावर जागा नव्हती. बायको मुलीला मांडीवर घेऊन भिंतीशी बसली. शेजारच्या बाईने, हिला फिट आली होती असं कळल्यावर, आपल्या बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मुद्दाम केलं असं दिसू नये म्हणून त्या बाळाची पाठ थोपटत राहिली. बायकोने ते पाहिलं आणि पदर ओढून मुलीचं तोंड झाकलं. दोरवाला उभा होता. आपल्या हातांचं काय करावं हे त्याला सुचत नव्हतं.

फोटो काढून झाल्यावर डॉक्टरबाईंनी तो उजेडात धरला आणि बराच वेळ पाहिला. हाड आडवं मोडलं नव्हतं. चीर तिरकी, हाडाला वळसा घालून गेली होती.

"पडून असं होत नाही," बाई म्हणाल्या. "पिरगळल्यासारखं आहे. कुणी धरलं होतं का हिला?"

बायकोने वर पाहिलं. दोरवाला म्हणाला, "नाही. मी लांब होतो. येईपर्यंत झालं होतं."

आता मात्र ते खोटं होतं. धडधडीत, आणि त्यात तो स्वतः होता.

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग फोटोकडे. हात अंगाखाली अडकला असेल, असं त्या स्वतःशीच म्हणाल्या. तसं असेल तर झटका फारच जोरात असणार. म्हणजे आत्ताची गोळी हिला पुरत नाही. त्यांनी गोळी वाढवली, सुरुवातीला सुस्ती येईल असं सांगितलं आणि प्लास्टर घालायला धाडून दिलं. निघताना औषधं देणारा म्हातारा दोरवाल्याला म्हणाला, "काम टाकून आलात, चांगलं केलंत. पुष्कळ बाप येतच नाहीत." दोरवाल्याने गोळ्यांची पुडी घेतली आणि पुन्हा एकदा मान डोलावली.

सुरुवातीची सुस्ती संपलीच नाही.

टकळी उशिरा उठायची, उठली की भिंतीला टेकून बसायची. जेवताना घास हातात तसाच राहायचा. काही विचारलं तर उत्तर यायचं, पण मध्ये एवढा वेळ जायचा की विचारणारा विसरून जायचा. चालताना पाय टाकायला ती जमीन चाचपडल्यासारखं करायची. शाळेतल्या बाई घरी येऊन गोड शब्दांत सांगून गेल्या की ती वर्गात झोपते, बाकीची मुलं हसतात, तर बरं वाटेपर्यंत घरीच राहू दे. बायको त्यांना फाटकापर्यंत पोचवून आली आणि पुन्हा वाख विंचरायला बसली. खिळ्यांवरून वाख ओढताना त्या दिवशी तिने एवढा जोर लावला की निम्मा तुटूनच हातात आला.

फिट मात्र एकही आली नाही.

आणि काम चांगलं चालू होतं, हे दोरवाल्याला नाकारता येईना. धाकट्याने नवी शक्कल काढली होती. आदल्या संध्याकाळी पोती ओली करून त्यांत वाख गुंडाळून ठेवायचा आणि पहाटेच, वारा सुटायच्या आत, दोर वळायला घ्यायचा. पेड तुटायचे थांबले. कुणी मध्ये बोलत नव्हतं, कुणी प्रश्न विचारत नव्हतं, पेडांच्या कडेने चालणाऱ्या पोरीकडे अर्धं लक्ष ठेवावं लागत नव्हतं. ओसरीच्या कोपऱ्यात तयार दोरांची वेटोळी एकावर एक चढत गेली. एका सकाळी ठोकळा हातात धरून चालताना दोरवाल्याच्या मनात आलं, की किती शांत आहे. ते मनात आल्याबरोबर त्याच्या मानेपासून कानापर्यंत ऊन लागल्यासारखं झालं. सूर्य अजून उगवायचा होता.

लोक बोलत. पाण्यावर बायका बायकोला म्हणत, तुझा नवरा म्हणजे देवमाणूस बाई, पोरीला खांद्यावर घेऊन बस गाठली त्याने. धाकट्या भावजयीने तर स्वतःच्या नवऱ्याला सुनावलं, की बघा, बाप असा असावा, नाहीतर तुम्ही, बाळ रडलं की चप्पल शोधता. धाकटा हसून म्हणाला, "दादाची गोष्टच वेगळी." दोरवाला ताटावरून उठला. पोट भरलं म्हणाला.

बाहेर ओट्यावर टकळी बसली होती. प्लास्टरचा हात तिने मांडीवर एखादी परकी वस्तू ठेवावी तसा ठेवला होता. तो शेजारी बसला. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "बाबा, दोर खराब झाला ना त्या दिवशी?"

"झाला असेल. त्याचं काय."

"माझ्यामुळे."

त्याने तिच्या प्लास्टरवरची धूळ झटकली. ती म्हणाली, "परत नाही करणार मी असं." हे ती, काचेचा पेला फोडल्यावर म्हणावं, तसं म्हणाली.

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. तसं त्याच्या तोंडाशी आलंही. पण आतून धाकट्याचं हसणं ऐकू आलं, आणि तो नुसता तिची वेणी सारखी करत बसला.

प्लास्टर काढायला जायचं होतं त्याच्या आदल्या संध्याकाळी बायको अंथरुणं घालत होती. मुलगी नेहमी आईजवळ झोपायची. त्या दिवशी तिने आपली सतरंजी एका हाताने ओढत ओढत पार पलीकडच्या भिंतीपाशी नेली. बायको म्हणाली, तिकडे खिडकीतून वारा लागेल. मुलगी हलेना. बायकोने सतरंजी परत ओढली, तेव्हा मुलगी रडायला लागली. आवाज न करता, नुसती खालचा ओठ दाताखाली धरून.

"काय झालं ते तरी सांगशील?"

नेहमीसारखा मध्ये वेळ गेला. मग ती म्हणाली, "मला झोपेत आलं आणि तुझा हात मोडला तर?"

बायको म्हणाली, वेडी आहेस का, असं कुठे होतं का.

"माझा मोडला ना. माझाच जोर होता ना तो. मला तर कळलंपण नाही." ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. "म्हणून मी काकूच्या बाळालापण घेत नाही आता."

दोरवाला दारात उभा होता. कितीतरी दिवसांत पोर एका दमात एवढं बोलली नव्हती. तिला फिटमधलं काही आठवायचं नाही हे त्याला माहीत होतं; खरं सांगायचं तर त्याचाच त्याला आधार वाटत आला होता. त्या रिकाम्या जागेत तिने स्वतः काय भरून घेतलं असेल, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. मोडलेलं हाड सांधत आलं होतं. पण पोर स्वतःच्या अंगाला भ्यायला लागली होती. आणि ते त्याने गोळीसारखं रोज, सकाळ-संध्याकाळ, तिला दिलं होतं.

दवाखान्यात त्या दिवशी जास्तच गर्दी होती. दार उघडंच ठेवलं होतं आणि पुढचे लोक उंबऱ्यात येऊन थांबले होते. प्लास्टर कापून काढलं तेव्हा आतला हात बारीक, पांढुरका आणि सोललेल्या फांदीसारखा दिसला. डॉक्टरबाईंनी बोटं हलवायला लावली, मनगट फिरवायला लावलं, छान म्हणाल्या. मग मुलीच्या डोळ्यांत पाहून विचारलं, फार झोपते का. बायकोने सांगायला सुरुवात केली.

"बाई," दोरवाला मध्येच म्हणाला. "मी धरलं होतं तिला."

बाईंच्या हातातलं पेन थांबलं.

"त्या दिवशी तुम्ही विचारलं होतं. मी लांब नव्हतो. मीच धरलं. तिचा झटका नेहमीसारखाच होता. हात मी मोडला."

उंबऱ्यातली माणसं बोलायची थांबली. एक म्हातारा नीट ऐकू यावं म्हणून पुढे वाकला. दोरवाल्याला वाटलं होतं, बाई ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त पुन्हा सगळं विचारलं, कसं धरलं, किती वेळ झटके होते, आधीच्या फिटसारखेच होते ना. आणि त्याने उभ्या उभ्या, आपल्याच दोन मुठी पुढे करून, हवेत दाखवलं कसं धरलं ते. दाखवताना लक्षात आलं की मुलगी पाहते आहे. त्याने हात खाली घेतले.

"एवढे दिवस पोर विनाकारण गुंगीत राहिली," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "औषध मी तुमच्या शब्दावर देते. मला दुसरं काही दिसत नसतं."

गोळी टप्प्याटप्प्याने पूर्वीइतकी करायची ठरली. बाहेर पडताना रांग जरा जास्तच बाजूला सरकली. मागून कुणीतरी कुणाला तरी विचारत होतं, "हाच का तो?"

बस यायला वेळ होता. थांब्यापलीकडच्या झाडाखाली तिघं बसली. मुलगी मोकळा झालेला हात दुसऱ्या हाताने हळूहळू चोळत होती. दोरवाला खूप वेळ शब्द जुळवत बसला आणि शेवटी बायकोशीच बोलला.

"तुला आज कळलं हे," तो म्हणाला.

"मला त्याच दिवशी कळलं," बायको म्हणाली. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. "प्लास्टर कोपरापर्यंतच होतं. वर दंडावर तुमची बोटं उमटली होती. तेल लावताना मीच पुसत होते ना रोज."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून वाट पाहिली." तिने मांडीवरचा पदर सारखा केला. "आणि बोलले असते तर तुम्ही दोर टाकून बसला असता. तुमचा स्वभाव मला माहीत आहे. दोर व्हायला हवे होते." मग आणखी हळू आवाजात म्हणाली, "ती झोपून असायची. कामं होत होती. मलाही ते बरं पडत होतं."

यानंतर दोघांना एकमेकांकडे पाहता येईना. समोरून एक माणूस सायकल हातात धरून चालला होता, तो दिसेनासा होईपर्यंत दोघं त्याच्याकडेच पाहत राहिली.

मुलगी म्हणाली, "म्हणजे माझा जोर नव्हता?"

"नाही," दोरवाला म्हणाला. "माझा होता. तू काहीच केलं नाहीस. मी चुकलो. मला धरायचं नाही हे सांगितलेलं होतं, तरी धरलं. आणि मग खोटं बोललो."

तिने यावर विचार केला. गोळीची गुंगी होतीच, पण तो त्यातून वाट काढत चाललेला विचार त्याला तिच्या कपाळावर दिसत होता. माफ करशील का, असं तो विचारणार होता. विचारलं नाही, ते विचारणं म्हणजे पुन्हा तिच्याच डोक्यावर ओझं देणं झालं असतं.

"आता मला आलं ना," ती म्हणाली, "तर तुम्ही नका येऊ जवळ. आईला हाक मारा."

"बरं," दोरवाला म्हणाला.

बसमध्ये ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. तो मागच्या सीटवर बसला.

गोळी कमी होत गेली तसा पोरीचा आवाज परत येत गेला. आधी एकेक शब्द, मग तक्रारी, मग एके दिवशी ओसरीवरून लांबलचक काहीतरी ऐकू आलं आणि चाकावरचा काका म्हणाला, "चला, सुरू झालं यंत्र." ती काकूच्या बाळाला मांडीवर घेऊन बसायला लागली. काकाशी भांडायला लागली. दोरवाल्याशी कामापुरतं बोलायची. तो जवळ आला की तिचं वाक्य संपायचं. मुद्दाम असं नव्हे. पाऊस आला की खिडकी लावावी तसं, सहज. धाकट्याला आणि भावजयीला एव्हाना सगळं कळलं होतं, कारण दवाखान्याच्या उंबऱ्यातून बातमी त्यांच्या आधी बसने गावात आली होती. भावजय आता नवऱ्याला बाप असा असावा असं म्हणत नव्हती.

भरणीच्या तोंडावर व्यापारी स्वतः गाडी घेऊन आला. सगळे दोर तयार होते, एकच शेवटचा वळायचा राहिला होता. म्हणाला, होऊ द्या, बघतो जरा, लहानपणी पाहिलं होतं. त्याने फळीपाशी एक स्टूल ओढून घेतलं. बायको घायपाताची पानं कापायला शेताकडे गेली होती. टकळी फडकं घेऊन आली; तिनेच यायचं ठरवलं होतं, बापाला विचारलं नव्हतं. ती पेडांच्या पलीकडच्या बाजूने चालत होती आणि व्यापाऱ्याला सांगत होती की उरलेला दोर कुठे जातो.

सांगता सांगता शब्द थांबला.

दोरवाल्याने ठोकळा सोडला. दोर मागे गुंतत, आपटत गेला. "वहिनीला बोलव," तो ओरडला, आणि धाकटा चाक टाकून शेताकडे पळत सुटला. शेत लांब होतं. जवळ दुसरं कुणी नव्हतं. दोरवाला पेडांखालून वाकून पलीकडे गेला. तिच्या डोक्याजवळचे दोन दगड त्याने उचलून लांब टाकले, खांद्यावरचं पोतं घडी करून डोक्याखाली सरकवलं. मग तो तिच्यापासून हातभर अंतरावर मातीत बसला आणि त्याने आपले दोन्ही पंजे स्वतःच्या मांड्यांखाली दाबून धरले.

"अरे, धर तिला," व्यापारी स्टूलावरून उठला. "धर की. बघत काय बसलास?"

दोरवाला बसून राहिला. तिचे हात उसळत होते, टाचा मातीवर आपटत होत्या. त्याच्या मांड्यांखाली बोटं वळत होती, मिटत होती. दंडापर्यंत सगळे स्नायू तिच्याबरोबर झटके देत होते. व्यापारी पुढे आला आणि पोरीच्या मनगटाकडे वाकला. दोरवाल्याने त्याच्या छातीवर खांद्याने एवढा धक्का दिला की तो मागे फळीवरच्या दगडांवर बसला.

"बाप आहेस का कोण आहेस रे तू?" व्यापारी म्हणाला. गाडीवरचा माणूसही खाली उतरून बघत होता. "पोरगी तडफडतेय आणि हा हातांवर बसलाय. जनावरसुद्धा असं बसत नाही."

"शेठ, तिला हात लावू नका," दोरवाला म्हणाला.

हळूहळू झटक्यांमधलं अंतर वाढलं. मग ते थांबले. तेव्हा त्याने एक हात काढला आणि दोन बोटांनी, खांद्याला जेमतेम टेकवून, तिला कुशीवर वळवलं. तोंडातून आलेली लाळ पुसली. पुन्हा तो हात मांडीखाली गेला. वारा सुटला होता. गुंतलेल्या दोराच्या मोकळ्या टोकातले धागे हलत होते. शेताकडून दोन आकृत्या धावत येताना दिसत होत्या, अजून बोटाएवढ्याच.

टकळीने डोळे उघडले. आधी आभाळ, मग पेड, मग तोंडावर माती उडालेला व्यापारी, असं सगळं तिने ओळखीचं नसल्यासारखं पाहिलं. बापाकडे नजर गेली तेव्हा ती तिथेच थांबली. त्याने आई येतेय एवढंच सांगितलं. बसल्या जागेवरून तो हलला नाही.

तिने पडल्या पडल्या उजवा हात उचलला. कोपरात वाकवला, सरळ केला, मनगट फिरवून पाहिलं. मग डावा हात उचलला, वाकवला, सरळ केला, फिरवून पाहिला. घाई नव्हती. दोरवाला मान खाली न घालता ते सगळं, शेवटपर्यंत, पाहत राहिला.